आतोबांचा जटका

कावेरीच्या दोन्ही तीरांवर नोकऱ्या करणारे पुष्कळ होऊन गेले, पण नोकरी सोडावी ती आमच्या आतोबांनीच. नोकरी मिळवायला लोक देव पाण्यात घालून बसतात, मिळाली की तिला घोरपडीसारखे चिकटतात आणि पुढची तीस वर्षं साहेबाच्या चेहऱ्याकडे बघून आपला चेहरा ठरवतात. आतोबांना हे कधी जमलं नाही आणि जमावं असंही वाटलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. कुंभकोणमात सगळे त्यांना 'रायर' म्हणत. त्या मुलखात आमच्यासारख्या मराठी माणसाला रायर म्हणायची रीतच आहे. आपण तमिळ कितीही सफाईनं बोललो तरी ते गोड हसून रायरच म्हणतात. तर या रायरांचा एक नियम होता. नोकरीवर जाताना आणि येताना ते पायी चालत. पण ज्या दिवशी नोकरीचा राजीनामा देत, त्या दिवशी घरी जटक्यातून येत. एका घोड्याचा तो बंद टांगा आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळला, की ओट्याओट्यांवरच्या बायका एकमेकींना सांगत, "रायरांची गेली वाटतं."

जटक्यामागे शास्त्र होतं. आतोबांचे पणजोबा तंजावरच्या मराठी दरबारात नोकरीला होते, आणि त्यांची नोकरी काय होती हे आतोबा कोणालाही, न विचारता, अभिमानानं सांगत. राजेसाहेब पालखीतून उतरू लागले, की बाजूला उभं राहून, कमरेत किंचित वाकून, "जपून महाराज, पायरी आहे" असं म्हणायचं. बस. एवढीच नोकरी. "या एका वाक्यावर आमच्या तीन पिढ्या तूपभात जेवल्या," असं आतोबा म्हणायचे. "अन् पणजोबांच्या काळांत एकही राजा पायरीवर घसरला नाही. तपासून बघा." हे तपासायचं कुठे, हे त्यांना कोणी विचारलं नाही. पण यातून त्यांनी असा सिद्धांत काढला होता, की मोठेपणा खरा कळतो तो माणूस वाहनातून उतरताना. नोकरी सोडलेला माणूस त्या एका दिवसापुरता कोणाचाच चाकर नसतो, म्हणजे राजाच असतो, आणि राजानं चालत यायचं नसतं.

सोडण्याची कारणंही राजेशाही असत. एका वकिलाकडे ते कारकून होते. वकिलाला टाळी वाजवून माणसं बोलवायची सवय. आतोबांनी पुष्कळ दिवस ऐकून घेतलं आणि एकदा टाळी वाजताच आत जाऊन शांतपणे म्हणाले, "टाळ्या आरतीला वाजवतात. माणसाला नावानं बोलवतात." जटका. मग एका पितळी भांड्यांच्या दुकानात लागले. तिथे गिऱ्हाइकानं घागर पसंत केली, की हे तिच्यावर नखानं टिचकी मारत, कान लावत आणि कळवळून सांगत, "ही घेऊं नका. हिचा स्वर चढा आहे. तुमच्या घरांतल्या दुसऱ्या घागरीशी जमायची नाही." मालक म्हणाला, "रायर, लोक पाणी भरायला घागर नेतात, गाण्याची कच्चेरी करायला नाही." आतोबांना पाणी भरतानाही बेसूर चालत नसे. जटका. त्यानंतर गावाबाहेर तंबूतला सिनेमा आला, तिथे ते दारावर तिकिटं फाडायला राहिले. बायका डोळे पुसत बाहेर पडताना पाहून यांचं मन द्रवलं. मग आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला ते आधीच सांगू लागले, "शेवटीं ती मरते हं अम्मा. मन घट्ट करून बसा." निम्म्या बायका दारातूनच परत जाऊ लागल्या तेव्हा मालक धावत आला. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. त्या खेपेला जटक्याच्या मागून तंबूतली चार पोरं नाचत आली होती.

नवल असं, की इतक्या नोकऱ्या सोडूनही त्यांना नवी मिळायला वेळ लागत नसे. मी तेव्हा बी. ए. होऊन त्यांच्याच घरी नोकरी शोधत होतो. म्हणजे घरात दोन माणसं अशी, की एकाला नोकरी मिळत नव्हती आणि दुसऱ्याजवळ टिकत नव्हती. मी रोज सकाळी मांडी घालून, सुवाच्य अक्षरात, नम्र इंग्रजीत अर्ज लिही. उत्तर कधी आलं नाही. आतोबा ओट्यावर बसून पानाला चुना लावता लावता रस्त्यानं जाणाऱ्या कोणत्याही परक्या माणसाला हटकत. "गाव कुठलं? साक्कोट्टै? तिकडे यंदा पीक कसं? मुलं किती? थोरला काय करतो? अन् तुमचं काम?" पान चघळून होईपर्यंत त्या माणसाची सात पिढ्यांची माहिती यांच्याजवळ जमा झालेली असे, आणि जाता जाता तो म्हणे, "रायर, आमच्याकडे एक जागा आहे, येता का?" मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मला ते समजावत, "तू अर्ज करतोस म्हणून मिळत नाही रे. अर्ज म्हणजे लांबून केलेला नमस्कार. जवळ जावं, मुलाबाळांची चौकशी करावी. मुलांचं विचारलं की माणूस खुर्चीतून खालीं उतरतो." बोलणाऱ्याची बोरं विकतात, ही म्हण त्यांच्यासाठीच निघाली असावी. माझे आंबे मात्र अढीतच राहिले.

या सगळ्यात आत्याचं काय होत असेल, हे आम्ही फारसं मनात आणत नव्हतो. ती भांडत नसे. जटका आला, की आत जाऊन ती माहेरचा चांदीचा पेला काढी. एरवी काफी पितळी पेल्यातून मिळे; चांदीचा पेला पाहुण्यासाठी. त्या दिवशी मात्र दाट दुधाची, वर फेस आलेली काफी चांदीच्या पेल्यातून आतोबांपुढे येई आणि आत्या म्हणे, "घ्या. राजे आलेत घरीं." यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे आतोबांना कधी कळलं नाही. त्यांनी सगळंच कौतुक धरलं. जटकेवाला मस्तान तर घरचाच झाला होता. त्याचा घोडा दुसऱ्या कोणाला घेऊन गल्लीतून निघाला तरी सवयीनं आमच्या दारात थांबे.

मग चंद्राचं ठरलं. चंद्रा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला तंजावरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. आमच्या गल्लीतली एकही मुलगी तोवर नोकरीसाठी शिकली नव्हती. नातेवाइकांनी नाकं मुरडली, "मुलीच्या पगारावर जेवणार काय?" असंही कोणी बोललं. आतोबांनी त्यांना उडवून लावलं. पण ट्रेनिंगची फी, राहण्याजेवण्याचा खर्च हे सगळं त्यांच्या पगारातून जायचं होतं, आणि तो मधेच बंद पडला तर मुलगी परत येऊन चुलीपुढे बसणार, हे आत्याला लख्ख दिसत होतं. तिनं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याकडे काही मागितलं. तुळजाभवानीच्या तसबिरीसमोर त्यांना उभं केलं आणि म्हणाली, "पोरीचं ट्रेनिंग संपेपर्यंत दारांत जटका नको. मग काय हवं तें करा." आतोबांनी तसबिरीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. म्हणाले, "नाहीं येणार." गल्लीत कोणाचा यावर विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर माझाही नाही.

तेव्हा ते एका रेशमी साड्यांच्या दुकानात होते, आणि ती नोकरी खरोखर त्यांच्यासाठीच निर्माण झालेली होती. लग्नाची साडी घ्यायला सगळं कुटुंब येई, चटईवर बसे, आणि आतोबा घड्या उलगडता उलगडता सगळ्यांना बोलतं करत. मुलगा काय करतो, पगार बरा आहे का, सासू कशी, धाकटीचं जमलं का. बाया माहेरी आल्यासारख्या रमत आणि एकीच्या जागी तीन साड्या घेऊन उठत. म्हातारा मालक खूष होता. पण पुढे मालकाला बरं नसायला लागलं आणि मद्रासहून त्याचा जावई दुकान बघायला आला. कपाळावर सदा आठी, मनगटावर मोठं घड्याळ. त्याला आतोबांचं बोलणं म्हणजे वेळ खाणं वाटे.

एका दुपारी मी आतोबांचा डबा घेऊन दुकानात गेलो होतो. बेकार माणसाला घरात डबे पोचवण्याचं काम आपोआप लागतं. स्वामीमलैकडचं एक लग्नघर बसलं होतं आणि आतोबा वधूच्या आजीला विचारत होते, "तुमच्या वेळेला साडी कुठल्या रंगाची होती?" आजी लाजून सांगायला लागली, तोच जावई गादीवरून ओरडला. सगळ्यांदेखत, मोठ्यानं. "रायर, पगार बडबडीचा घेता का? तुम्हाला एवढं बोलायचं असेल तर आत्ता दारात जाऊन बसा. लोकांच्या चपला सांभाळा आणि तिथे काय हवं ते बोला!" आजीनं मान खाली घातली. माझ्या हातातला डबा जड झाला. टाळी सहन न झालेला हा माणूस. आता काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं. आतोबा उठले, पागोटं नीट केलं. जावयाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हललेही. मग हातातल्या साडीची घडी, काठाला काठ जुळवून, पूर्ण घातली, ती बाजूला ठेवली आणि चालत दाराशी जाऊन चपलांच्या शेजारी बसले.

समोरच जटक्यांचा अड्डा. मस्तान सगळं ऐकत होता. त्यानं घाईनं घोडा जुंपला आणि जटका दुकानाच्या पायरीशी आणून उभा केला. "चला रायर," म्हणाला. दुकानातली सगळी माणसं बघत होती. आतोबांनी घोड्याच्या मानेवर हात फिरवला. "आज नको मस्तान," ते म्हणाले. "मी चालत जाईन. संध्याकाळीं. दुकान बंद जाल्यावर." इतक्यात एक म्हातारी बाई दुकानात शिरायला आली, आणि आतोबा झटकन उठून, कमरेत किंचित वाकून तिला म्हणाले, "पार्त्तु वांगो अम्मा, पडि इरुक्कु." जपून या, पायरी आहे. पणजोबांचंच वाक्य, तमिळमध्ये. मला तिथे उभं राहवेना. डबा त्यांच्याजवळ ठेवून मी निघालो.

घरी येतो तो दारात रिकामा जटका. मस्तानला राहवलं नव्हतं. रायरांची तब्येत बरी आहे ना, हे विचारायला तो सरळ घरी आला होता. आत्या उंबऱ्यात उभी, चेहरा पांढरा. "जटका आला, अन् हे कोठें आहेत?" तिनं मला विचारलं. मी झालेलं सगळं सांगितलं. तिनं मस्तानला ताक दिलं, घोड्याला गूळ दिला आणि आत गेली. संध्याकाळी आतोबा पायी आले, रोजच्यासारखे पाय धुऊन ओट्यावर टेकले. आत्यानं काफी आणून पुढे ठेवली. चांदीच्या पेल्यात.

आतोबा पेल्याकडे बघत राहिले. "हा कशाला? मी तर चालत आलों."

"म्हणूनच," आत्या म्हणाली.

त्यांनी काफी घेतली. मग एकदम उजळून ते म्हणाले, "अग, एक लक्षांत आलं का? पणजोबांची नोकरी आज घरांत परत आली!" आत्या हसली आणि हसता हसता पदरानं डोळे पुसत आत गेली. इतके दिवस आतोबांच्या नोकऱ्या सोडण्याचं मला कौतुक वाटायचं. त्या संध्याकाळी न सोडण्याचं वाटलं, आणि ते कौतुक जातीनं निराळं होतं. या माणसाचा मी भाचा आहे, असं त्या ओट्यावर उभं राहून ओरडून सांगावंसं वाटलं.

आता चपलांशेजारी बसवल्यावर माणूस मिटेल की नाही? आतोबा फुलले. आत होते तोवर त्यांना फक्त बसलेली गिऱ्हाइकं मिळत. दारात आल्यावर येणारा-जाणारा प्रत्येक जण मिळू लागला. चपलांवरून ते गाव ओळखत, झिजलेल्या टाचेवरून स्वभाव. लग्नघरांत निरोप जाई, "त्या दुकानात जा, दारात एक रायर आहेत, त्यांच्या हातून मुहूर्ताची पायरी चढा." जावयाची पंचाईत झाली. हाकलावं तर गिऱ्हाईक जाणार, आत बोलवावं तर आपलं नाक जाणार. अखेर त्यानंच एकदा मऊपणानं, "आत बसा आता," म्हणून पाहिलं. आतोबा म्हणाले, "आतलं काम कोणीही करील. हें खानदानी आहे."

माझी नोकरी याच पायरीवर लागली. तिरुचीचे कोणी अधिकारी मुलीच्या लग्नाच्या साड्या घेऊन बाहेर पडले. आतोबांनी त्यांच्यापुढे बूट ठेवले आणि घरचं-दारचं विचारलं. बोलता बोलता त्यांच्या कचेरीत माणूस हवा असल्याचं निघालं. आतोबांनी माझी शिफारस केली ती मला पुढे त्या साहेबांनीच ऐकवली. "माझ्या बायकोचा भाचा आहे. फार हुशार आहे असं नाही. पण रोज एक अर्ज लिहितो, आजवर एकाचंही उत्तर आलं नाही, तरी लिहितोच. अशी चिकाटी तुम्हांला मिळायची नाही." बी. ए. च्या पदवीनं जे केलं नाही, ते या वाक्यानं केलं.

मी रुजू व्हायला आठवडा होता तेव्हाच चंद्राचाही निकाल लागला आणि गावातल्याच मुलींच्या शाळेत तिची नेमणूक झाली. पहिल्या दिवशी ती नवी छत्री घेऊन निघाली तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली होती तेही ओट्यावर येऊन उभे होते. आत्यानं आतोबांना गाठलं. "माझी शपथ आतां सुटली तुम्हांला," ती म्हणाली. "आजपर्यंत राहिलांत, पुष्कळ जालं. काय करायचं तें करा. मी काहीं म्हणणार नाहीं." आतोबांनी पागोटं बांधता बांधता नुसतं "बघूं" म्हटलं. पण ते त्यांनी रोजच्यापेक्षा फार निगुतीनं बांधलं. माझी खात्री पटली, की आज त्या जावयाची धडगत नाही. मनातून मला तसं व्हावंसंही वाटत होतं.

आणि संध्याकाळी टापा ऐकू आल्या. मस्तानचा जटका गल्लीत वळला. ओट्यावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "घ्या," आत्या सुस्कारा टाकून म्हणाली, "आली स्वारी," आणि चांदीचा पेला काढायला आत वळली. मीच ओरडलो, "आत्या, थांब. बाहेर ये!"

जटक्यात चंद्रा बसली होती. एकटी, मांडीवर छत्री, लाजेनं लाल झालेली. आणि जटक्याच्या कडेनं, एक हात चाकावरच्या दांडीला लावून, घोड्याच्या चालीनं आतोबा पायी येत होते. छाती अशी काढलेली, की पागोटं मागे पडेल. घोडा सवयीनं दारात थांबला. आतोबा मागच्या बाजूला गेले, लोखंडी पायरीशेजारी उभे राहिले, कमरेत किंचित वाकले, आणि सगळी गल्ली ऐकेल अशा, दरबारी म्हणावा तशा लांब स्वरात म्हणाले, "जपून, बाईसाहेब. पायरी आहे."

चंद्रा त्यांचा हात धरून उतरली. ती रडत होती.

"अन् तुम्ही चालत?" आत्याला काही उमजेना. "नोकरी?"

"आहे की. मला उद्यां कामाला जायचंय," आतोबा म्हणाले. "पोरगी रोज शाळेंत जाणार, अन् बापानं ओट्यावर बसायचं? आजवर या घरांत नोकरी सोडली की जटका येत होता. आजपासून धरली की येईल. नियम माझा होता, मीच बदलला."

आत्या चांदीचा पेला घेऊन मधेच उभी राहिली. पेला एकच, आणि राजे कोण हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं तो चंद्राच्या हातात दिला. चंद्रानं निम्मी काफी पेल्याखालच्या वाटीत ओतून घेतली आणि पेला बापापुढे धरला. दोघं ओट्यावर बसून, तिकडच्या रीतीनं ओठ न लावता वरून ओतत, काफी प्यायले. आत्या दाराला टेकून बघत होती. अख्खी गल्ली बघत होती, आणि मस्तान भाडं मागायचं विसरून घोड्याशी काही बोलत होता.

आतोबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. कुंभकोणमात जटके राहिले नाहीत. चंद्रा त्याच शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. मी तिरुचीच्या त्या एकाच कचेरीत जन्म काढला. सोडावी असं पुष्कळदा वाटलं, पण आतोबांसारखं सोडता आलं नसतं, म्हणून धरून राहिलो. माझ्या शेवटच्या दिवशी साहेबांनी हार घातला आणि आपल्या मोटारीतून मला घरी पोचवलं. दारात मोटार थांबली, ड्रायव्हरनं दार उघडलं. पाऊल बाहेर टाकता टाकता मी उगाच क्षणभर थांबलो. बाजूला वाकून कोणीतरी काही म्हणेल, असं वाटलं. कोणी म्हणालं नाही. मग मीच ते मनातल्या मनात म्हटलं, आणि उतरलो.